परदेशातील एलएल.एम.: कोल्हापुरात वकिली करणाऱ्याने आधी काय ठरवावे

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा आहे. वाणिज्य शाखेच्या पदवीनंतर तुम्ही कोल्हापुरातच तीन वर्षांचा एलएल.बी. केला, गेली पाच वर्षे जिल्हा न्यायालयात दिवाणी दावे चालवीत आहात, शिरोलीच्या दोन-तीन फौंड्र्यांचे करार तपासण्याचे काम अधूनमधून येते, आणि आता एका वर्षासाठी परदेशात जाऊन एलएल.एम. म्हणजे कायद्याची पदव्युत्तर पदवी करावी असे मनात आहे. त्यातून तिकडे वकिली करता येईल का, कोणता देश निवडावा, पैसा कसा उभा करावा आणि परत आल्यावर त्या पदवीचे येथे काय होईल, हे तुम्ही विचारले आहे. मी स्वतः या मार्गाने जाऊन परत कोल्हापुरात वकिली करीत आहे आणि दरवर्षी काही तरुण वकिलांचे अर्ज वाचून देतो. त्या अनुभवावर हे उत्तर आधारलेले आहे.

पहिली गोष्ट अशी की, एलएल.एम. ही पदवी कोणत्याही देशात आपोआप वकिलीचा परवाना देत नाही. पदवी विद्यापीठ देते, परवाना देणारी संस्था निराळी असते आणि ती विद्यापीठाच्या नावलौकिकाकडे पाहत नाही, स्वतःच्या नियमांकडे पाहते. विद्यापीठांच्या माहितीपत्रकांत या दोन्ही गोष्टी अशा शेजारी छापलेल्या असतात की, एकीचे शुल्क भरले म्हणजे दुसरी मिळालीच असा वाचणाऱ्याचा समज व्हावा. त्यामुळे ‘कोणते विद्यापीठ’ हा प्रश्न शेवटी घ्यावा आणि ‘मला पदवी संपल्यावर कोणत्या न्यायालयासमोर किंवा कोणत्या कार्यालयात काम करायचे आहे’ हा आधी. याचे उत्तर ज्याच्याकडे नसते, त्याचा पैसा बहुधा वाया जातो, मग प्रवेश कितीही मोठ्या विद्यापीठात मिळालेला असो.

अमेरिकेपासून सुरुवात करतो, कारण नियम सर्वांत गुंतागुंतीचे तिथेच आहेत. तेथे परवाना राज्यनिहाय मिळतो आणि परदेशात शिकलेल्या बहुतेक वकिलांचा ओढा न्यूयॉर्ककडे असतो. न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयाचा, ज्याला तिथे ‘कोर्ट ऑफ अपील्स’ म्हणतात, नियम 520.6 या संदर्भात मुळातून वाचावा. त्यानुसार परदेशी पदवीची तपासणी दोन अंगांनी होते: शिक्षणाचा कालावधी पुरेसा आहे का, आणि त्याचा आशय इंग्लिश कॉमन लॉवर, म्हणजे न्यायालयांच्या निवाड्यांतून घडलेल्या इंग्लंडच्या विधिपरंपरेवर, आधारलेला आहे का. या दोहोंपैकी एकच उणीव असेल तर अमेरिकेतील मान्यताप्राप्त विधी महाविद्यालयाच्या एलएल.एम.ने ती भरून काढता येते. दोन्ही उणिवा असतील तर एलएल.एम. करूनही परीक्षेला बसता येत नाही. भारतीय पदवीधराची आशयाच्या बाजूने सहसा अडचण येत नाही, आणि पदवीनंतरचा तीन वर्षांचा पूर्णवेळ एलएल.बी. असल्यास कालावधीची बाजूही बळकट असते. मात्र हे ठरविण्याचा अधिकार राज्याच्या परीक्षा मंडळाचा आहे, मित्राचा किंवा शिक्षणसल्लागाराचा नाही. मंडळाकडे पदवीचे आगाऊ मूल्यमापन मागता येते. त्याला कित्येक महिने लागतात, म्हणून प्रवेशाचे शुल्क भरण्याआधीच ते मागावे.

एलएल.एम.च्या आधारे परीक्षेला बसायचे असेल तर कोणताही अभ्यासक्रम चालत नाही. किमान 24 क्रेडिट लागतात आणि त्यांत व्यावसायिक नीतिनियमांचे 2, विधी संशोधन व लेखनाचे 2, अमेरिकन विधिव्यवस्थेच्या परिचयाचे 2, आणि न्यूयॉर्कच्या परीक्षेत विचारल्या जाणाऱ्या विषयांचे 6 क्रेडिट असावे लागतात. आता गंमत पाहा: जो वकील केवळ आंतरराष्ट्रीय मानवाधिकार किंवा कररचना यांसारख्या एकाच विषयाचे विशेष एलएल.एम. घेतो, त्याला त्या अभ्यासक्रमाच्या सक्तीच्या विषयांमुळे हे 12 क्रेडिट बसविणे कधीकधी अशक्य होते. परवाना आणि विशेष अभ्यास यांची येथेच ओढाताण सुरू होते. त्यामुळे महाविद्यालयाच्या प्रवेश कार्यालयाला सरळ ईमेल लिहून, ‘या अभ्यासक्रमात 520.6 ची पूर्तता होते का’ असे विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे.

त्यापुढे परीक्षा येते. ती फेब्रुवारी आणि जुलै महिन्यांच्या अखेरीस दोन दिवस असते. सध्याच्या स्वरूपात 200 बहुपर्यायी प्रश्न, 6 निबंधवजा उत्तरे आणि कागदपत्रांचा संच देऊन मसुदा लिहून घेणाऱ्या 2 प्रश्नपत्रिका असतात, आणि न्यूयॉर्कमध्ये उत्तीर्ण होण्यासाठी 400 पैकी 266 गुण लागतात. याखेरीज नीतिनियमांची स्वतंत्र परीक्षा, न्यूयॉर्क कायद्याचा ऑनलाइन अभ्यासक्रम व त्यावरील चाचणी, आणि 50 तासांची विनामूल्य विधिसेवा या अटी आहेत. परदेशात शिकलेल्यांचे उत्तीर्ण होण्याचे प्रमाण अमेरिकी पदवीधरांपेक्षा बरेच कमी असते. मे महिन्यात पदवीदान, जूनपासून आठ आठवडे रोज आठ-दहा तास अभ्यास आणि जुलैअखेर परीक्षा असा तो उन्हाळा जातो. या काळाचा घरभाडे-जेवणाचा खर्च आणि तयारीच्या वर्गाचे शुल्क विद्यापीठाच्या अंदाजपत्रकात धरलेले नसते, हे हिशेबाच्या वेळी विसरले जाते.

व्हिसाचा भाग याहून कठोर आहे. विद्यार्थी व्हिसावर पदवीनंतर 12 महिने काम करण्याची मुभा मिळते. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीधरांना मिळणारी 24 महिन्यांची वाढ कायद्याच्या पदवीला लागू होत नाही. या 12 महिन्यांत बेरोजगार राहण्याची मर्यादा 90 दिवसांची आहे. त्यापुढे राहायचे तर एच-1बी हा नोकरीचा व्हिसा लागतो, त्यासाठी लॉटरी असते, आणि सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकेबाहेरून होणाऱ्या नव्या अर्जांवर 1,00,000 डॉलर्सचे शुल्क जाहीर झाल्यापासून लहान विधी कार्यालये परदेशी वकील घेण्याच्या भानगडीत फारशी पडत नाहीत. मोठ्या कार्यालयांच्या बहुतेक जागा जे.डी. या तिथल्या तीन वर्षांच्या मूळ विधी पदवीच्या पदवीधरांसाठीच राखल्यासारख्या असतात. त्यामुळे एलएल.एम.नंतर न्यूयॉर्कमध्ये कायमची नोकरी मिळेल हे गृहीत धरून कर्ज काढणाऱ्याला मी स्पष्टपणे थांबवितो. न्यूयॉर्कचा परवाना घेऊन मुंबईच्या मोठ्या विधी कार्यालयात किंवा सिंगापूरला जाणे हा मार्ग मात्र अजूनही चालतो.

एक अपवाद फारसा कोणी सांगत नाही. ज्याच्याकडे भारतात सनद म्हणजे वकिलीचा परवाना आहे आणि जो प्रत्यक्ष वकिली करीत आहे, त्याला कॅलिफोर्नियाच्या बार परीक्षेला, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या परीक्षेला, बसण्यासाठी तिथे एलएल.एम. करावेच लागत नाही. परीक्षा अवघड आहे आणि परवाना मिळाल्याने व्हिसा मिळत नाही, हे खरे. पण केवळ ‘अमेरिकेचा परवाना’ एवढेच हवे असेल तर एक कोटी रुपयांची पदवी हा त्याचा एकमेव मार्ग नाही.

इंग्लंडमध्ये चित्र वेगळे आहे. सप्टेंबर 2021 पासून सॉलिसिटर, म्हणजे पक्षकाराला सल्ला देणारा व त्याची कागदपत्रे करणारा वकील, होण्यासाठी तेथील नियामक संस्थेने एसक्यूई ही दोन टप्प्यांची परीक्षा आणली. पहिल्या टप्प्यात प्रत्येकी 180 प्रश्नांच्या दोन प्रश्नपत्रिका आहेत, दुसऱ्यात पक्षकाराशी बोलणे, युक्तिवाद करणे, मसुदा लिहिणे अशी प्रत्यक्ष कौशल्ये तपासतात. नव्या उमेदवाराला दोन वर्षांचा कामाचा अनुभवही दाखवावा लागतो, परंतु तुमच्यासारख्या आधीच सनद असलेल्या परदेशी वकिलाला त्या अटीतून सूट आहे. म्हणजे परवान्यासाठी तिथेही एलएल.एम. आवश्यक नाही. मग इंग्लंडचे एलएल.एम. का करावे? तर त्या विषयाचे खोल ज्ञान, तिथले ग्रंथालय, आणि पदवीनंतर ग्रॅज्युएट रूट या तात्पुरत्या व्हिसावर राहून काम शोधण्याची संधी यांसाठी. ही मुदत सध्या दोन वर्षांची आहे, पण 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांसाठी ती 18 महिन्यांवर येणार आहे. तुमचा वर्ग कधी संपतो ते पाहून हिशेब करा. जानेवारी 2024 पासून अशा वर्गशिक्षणाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांना पती, पत्नी किंवा मुलांना सोबत नेता येत नाही. विवाहित वकिलांनी हे घरी आधीच सांगितलेले बरे.

ऑक्सफर्डच्या बाबतीत एक बारकावा आहे. तिथे आपल्यासारख्या कॉमन लॉ देशांतील पदवीधरांसाठी जो पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे त्याचे नाव बी.सी.एल. असे आहे, नाव ‘बॅचलर’चे असले तरी दर्जा पदव्युत्तर आहे. भारतातील एखाद्या आस्थापना लिपिकाला हे पटवून देताना दमछाक होते, म्हणून पदवीसोबत विद्यापीठाचे स्पष्टीकरणपत्र घेऊन ठेवावे.

कॅनडाचे नियम या सर्वांत स्वच्छ आहेत. तिथली राष्ट्रीय मान्यता समिती, जिला सर्वजण एनसीए म्हणतात, तुमची पदवी तपासून कोणते विषय कमी आहेत ते लेखी कळविते. कॅनडाचा प्रशासकीय कायदा, राज्यघटना, फौजदारी कायदा, विधिव्यवस्थेची मूलतत्त्वे आणि व्यावसायिक जबाबदारी हे पाच विषय जवळपास प्रत्येकाला करावे लागतात, शिवाय विधी संशोधन व लेखनाची अट आहे. हे विषय परीक्षा देऊन पूर्ण करता येतात, आणि त्या परीक्षा ऑनलाइन होत असल्याने घरी बसूनही देता येतात. किंवा नेमके हेच विषय गुंफलेले एलएल.एम. तिथल्या काही विद्यापीठांत करता येते. त्यानंतर प्रांताची बार परीक्षा आणि बहुधा आर्टिकलिंग म्हणजे प्रत्यक्ष कार्यालयातील प्रशिक्षण असते. ज्याला स्थलांतरच करायचे आहे त्याने कॅनडाचा विचार आधी करावा. ऑस्ट्रेलियात राज्यांच्या प्रवेश मंडळांनी सांगितलेले विषय पूर्ण करावे लागतात आणि साधे एलएल.एम. त्यासाठी पुरत नाही. सिंगापूरचे एलएल.एम. लवाद (न्यायालयाबाहेर पंचामार्फत तंटा सोडविणे) व व्यापारी कायद्यासाठी उत्तम, पण तिथल्या बारमध्ये प्रवेश देणारे नव्हे.

तुम्ही लिहिल्यावरून असे दिसते की तुम्हाला परत यायचे आहे. तसे असेल तर माझे मत इंग्लंडच्या बाजूने आहे आणि विषय व्यापारी करार व आंतरराष्ट्रीय लवाद हा असावा. कारण सांगतो. शिरोली किंवा गोकुळ शिरगावची फौंड्री परदेशी खरेदीदाराला कास्टिंग पाठविते, इचलकरंजीचा कापड व्यापारी परदेशात माल देतो, तेव्हा कराराचा मसुदा बहुतेकदा समोरच्याने पाठविलेला असतो आणि त्यात लागू होणारा कायदा व लवादाचे ठिकाण यांचे कलम शेवटच्या पानावर असते, जे येथे कोणी वाचत नाही. आंतरराष्ट्रीय मालविक्रीच्या 1980 च्या संयुक्त राष्ट्र करारात भारत सामील नाही आणि ब्रिटनही नाही. त्यामुळे करारात इंग्लिश कायदा लिहिला असेल तर इंग्लंडचा मालविक्री कायदा व तिथले निवाडे यांनाच सामोरे जावे लागते. उलट 1958 च्या न्यूयॉर्क करारात हे दोन्ही देश असल्याने लंडनमध्ये झालेला लवाद निवाडा कोल्हापूरच्या कारखानदाराविरुद्ध भारतात अमलात आणता येतो, आणि लवाद कायदा 1996 च्या कलम 47 नुसार त्यासाठीचा अर्ज उच्च न्यायालयात जातो.

येथे स्थानिक परिस्थिती बदललेली आहे. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच म्हणजे फिरते खंडपीठ कोल्हापुरात सुरू झाले आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्या कक्षेत आले. ज्या कामासाठी पक्षकार पूर्वी रात्रीच्या गाडीने मुंबईला जात आणि तिथलाच वकील देत, ते काम आता सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालय इमारतीत येऊ लागले आहे. कसबा बावड्यातील जिल्हा न्यायालय आणि ही इमारत यांच्यामधल्या काही किलोमीटरांत तुमच्या पुढच्या वीस वर्षांची वकिली सामावणार असेल, तर परदेशातले वर्ष त्या कामाला उपयोगी पडेल असेच निवडायला हवे. निव्वळ पाटीवर ‘एलएल.एम., लंडन’ लिहिल्याने पक्षकार येत नाहीत. आपल्याकडचा पक्षकार अजूनही वकील तारखेला हजर असतो का, हे आधी पाहतो.

आता अर्जाविषयी. येथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण कोल्हापूरचे अर्ज बहुधा गुणांवर नव्हे तर मांडणीवर मागे पडतात.

गुणपत्रकांची सोय आधी करा. अमेरिकेतील बरीच विधी महाविद्यालये एलसॅक या संस्थेमार्फत कागदपत्रे घेतात आणि ती विद्यापीठाकडून थेट पोहोचावी लागतात. तुम्ही साक्षांकित केलेली झेरॉक्स चालत नाही. शिवाजी विद्यापीठाच्या परीक्षा विभागात एकत्रित ट्रान्सक्रिप्टसाठी अर्ज करा, मोहोरबंद लिफाफे मागा आणि लागतील त्याहून दोन-तीन जास्त घ्या. तुमचे 61 टक्के परदेशी वाचकाला किरकोळ वाटण्याचा धोका आहे, कारण त्याला आपल्या विधी परीक्षांची कंजुषी माहीत नसते. म्हणून वर्गातील किंवा विद्यापीठातील क्रमांक दाखविणारे प्राचार्यांचे पत्र जोडा. ‘या तुकडीत इतक्यांपैकी इतके विद्यार्थी प्रथम श्रेणीत आले’ एवढे वाक्य त्यात असले तरी टक्केवारीचा अर्थ बदलतो. एलएल.एम.साठी एलसॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागत नाही, हेही लक्षात असू द्या; त्याच्या शिकवणीला पैसे भरलेले लोक मी पाहिले आहेत.

इंग्रजीचा मुद्दा संकोच न करता पाहिला पाहिजे. ज्यांनी एलएल.बी.च्या उत्तरपत्रिका मराठीत लिहिल्या आहेत, त्यांना इंग्रजी माध्यमाच्या प्रमाणपत्रावर सूट मागता येणार नाही आणि टोफेल किंवा आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्यावीच लागेल. वरच्या फळीतील विद्यापीठे टोफेलच्या जुन्या 120 गुणांच्या मोजणीनुसार 100 च्या आसपास किंवा आयईएलटीएसमध्ये 7 ते 7.5 मागतात. परंतु खरी अडचण परीक्षेची नसते. जिल्हा न्यायालयाचे आपले कामकाज मराठीत चालते, आणि पाच वर्षे मराठीत कैफियती लिहिणाऱ्या उत्तम वकिलाचीही इंग्रजी विधिलेखनाची सवय सुटते. तिकडे आठवड्याला काही शे पाने निवाडे वाचून यायचे असतात, प्राध्यापक नाव घेऊन प्रश्न विचारतात, आणि परीक्षेत पुस्तक उघडे ठेवून एका गुंतागुंतीच्या प्रसंगातले कायदेशीर मुद्दे शोधून तीन-चार तासांत लिहायचे असतात. कलमे पाठ असून तिथे भागत नाही. जाण्याआधीचे सहा महिने रोज उच्च न्यायालयाचा एक निकाल वाचून त्याचा इंग्रजीत एक पानाचा गोषवारा लिहिण्याची सवय लावा. सर्किट बेंचमध्ये अपील किंवा रिट अर्जाचा मसुदा करण्याची संधी मिळाली तर ती सोडू नका, कारण पक्षकाराचे तपशील काढून तोच मसुदा लेखनाचा नमुना म्हणून कामी येतो.

उद्देशपत्र म्हणजे ज्याला स्टेटमेंट ऑफ पर्पज म्हणतात ते, हा अर्जाचा प्राण आहे. आपल्याकडची उद्देशपत्रे लहानपणापासून न्यायाची ओढ होती येथून सुरू होतात आणि वसुधैव कुटुंबकम् येथे संपतात. निवड समितीने अशी हजारो पत्रे वाचलेली असतात. त्यांना हवा असतो तो तुमच्या वकिलीतून उभा राहिलेला एक नेमका कायदेशीर प्रश्न, ज्याचे उत्तर तुम्हाला येथे मिळाले नाही. उदाहरण घ्या. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकातील आठ जिल्ह्यांसाठी मिळून भौगोलिक मानांकन (जीआय) मिळाले. जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशाच घडणीची चप्पल मूळ न सांगता दाखविली, वाद पेटला, जनहित याचिका झाली आणि जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती फेटाळली. मानांकनाच्या नोंदणीकृत मालकांनी स्वतः न्यायालयात यावे, असा त्यामागचा आशय होता. आता सुभाषनगरच्या कारागिराच्या बाजूने विचार करा: मानांकनाची मालकी दोन्ही राज्यांच्या महामंडळांची, हस्तकला त्याची, आणि उल्लंघन परदेशात झालेले, जिथे आपल्या नोंदणीचा अंमल चालत नाही. दाद कोणी, कुठे आणि कोणत्या कायद्याखाली मागायची? बौद्धिक संपदेचे एलएल.एम. मागणाऱ्या कोल्हापूरच्या वकिलाने हा प्रश्न दोन परिच्छेदांत मांडला तर त्याचा अर्ज इतरांत मिसळून जाणार नाही. तुमच्या बाबतीत हाच प्रयोग फौंड्रीच्या करारातील लवादाच्या कलमावर करता येईल. पक्षकाराचे नाव अर्थातच कुठेही येऊ देऊ नका.

शिफारसपत्रांची आपल्याकडे मोठी हेळसांड होते. ‘होतकरू, सुस्वभावी व कष्टाळू’ असे लिहून खाली गोल शिक्का मारलेले पत्र परदेशात कोऱ्या कागदाइतकेच उपयोगी पडते. एक पत्र ज्या प्राध्यापकांनी तुमचे लेखन वाचले आहे त्यांचे आणि दुसरे ज्या सीनियरच्या हाताखाली काम केले त्यांचे घ्या, आणि दोघांनाही तुम्ही केलेल्या चार कामांची टिपणे आधी द्या. कोणत्या दाव्यात उलटतपासणीची तयारी कशी केली, कोणता मुद्दा तुम्ही शोधला, असे पत्रात आले पाहिजे. ज्यांच्यासमोर तुम्ही रोज उभ्या राहता त्या न्यायाधीशांकडे पत्र मागू नये, असे माझे ठाम मत आहे. दोघांनाही ते अवघडच जाते.

वेळापत्रक मी थोडक्यात सांगतो. ऑगस्ट-सप्टेंबरच्या वर्गासाठी आदल्या वर्षीच्या जूनमध्ये कामाला लागावे, कारण अमेरिकेतील मोठ्या महाविद्यालयांच्या मुदती डिसेंबरच्या आसपास संपतात आणि चेव्हनिंगसारख्या शिष्यवृत्तीची खिडकी त्याहून बरीच आधी बंद होते.

पैशाचे सांगायचे तर अमेरिकेतील नामांकित विधी महाविद्यालयांचे केवळ शिक्षणशुल्क वर्षाला 75 ते 85 हजार डॉलर्सच्या घरात आहे, आणि राहणे, आरोग्यविमा, पुस्तके धरून एकूण खर्च आजच्या विनिमय दराने एक कोटी रुपयांच्या आसपास किंवा पुढे जातो. इंग्लंडमध्ये विद्यापीठानुसार फरक फार आहे, तरी अमेरिकेच्या निम्म्यात वर्ष निघू शकते. एवढे कर्ज घराच्या तारणावर काढून परत जिल्हा न्यायालयात यायचे असेल तर हप्ता कुठून भरणार, हा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नका. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर जुन्या करप्रणालीत मिळणारी वजावट आठ वर्षांपर्यंत मिळते, तेवढाच दिलासा.

म्हणून शिष्यवृत्तीचा शोध प्रवेशाच्या बरोबरीने चालला पाहिजे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. मराठा व कुणबी समाजातील विद्यार्थ्यांसाठी सारथी संस्थेची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. दोन्हींत उत्पन्न, वय आणि विद्यापीठाचा जागतिक क्रमांक यांच्या अटी असतात व त्या बदलत राहतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरातच प्रमाण मानावी. ही दोन नावे उगाच दिलेली नाहीत: सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर 1913 मध्ये कोलंबियाला गेले, आणि 1920 मध्ये अर्धवट राहिलेल्या शिक्षणासाठी ते लंडनला परतले तेव्हा शाहू महाराजांनी त्यांना अर्थसाहाय्य केले. सर्वांसाठी खुल्या असलेल्यांपैकी ब्रिटनच्या चेव्हनिंगला 2,800 तासांचा कामाचा अनुभव लागतो आणि पदवीनंतर दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट असते. तुम्हाला परतायचेच असल्याने ती तुमच्यासाठी अट नव्हे. फुलब्राइट-नेहरू पदव्युत्तर शिष्यवृत्तीला तीन वर्षांचा अनुभव लागतो. इनलॅक्स ही शिष्यवृत्ती वयाच्या अटीमुळे लवकर हातून जाते. जे. एन. टाटा एन्डॉवमेंट 1892 पासून कर्जरूपी शिष्यवृत्ती देते आणि तिचे नाव अर्जात असले की व्हिसा अधिकाऱ्यालाही बरे वाटते. चेव्हनिंग आणि फुलब्राइट या दोन्हींकडे तालुका पातळीवर केलेल्या कामाला किंमत आहे. विधी सेवा प्राधिकरणाच्या शिबिरांतले तुमचे काम अर्जात अवश्य लिहा.

परत आल्यावरच्या गोष्टींत सर्वांत दुर्लक्षित भाग समकक्षतेचा आहे. वकिली करण्यासाठी तुमची भारतीय सनद पुरेशी आहे, तिथे परदेशी एलएल.एम.ची कोणाला मान्यता लागत नाही. पण विधी महाविद्यालयात पूर्णवेळ प्राध्यापक व्हायचे मनात असेल तर सावध राहा. भारतीय बार कौन्सिलच्या पदव्युत्तर विधी शिक्षणाच्या 2020 च्या नियमांत परदेशातील एक वर्षाचे एलएल.एम. भारतीय एलएल.एम.च्या बरोबरीचे मानण्यावर मर्यादा घातल्या गेल्या, त्या नियमांना सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले, आणि परदेशी पदव्यांना समकक्षता देणारे विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2025 चे नियम कायद्याच्या पदव्यांना लागू नाहीत. अध्यापनाचा विचार पक्का असेल तर शिवाजी विद्यापीठाचे दोन वर्षांचे एलएल.एम. आधी करून मगच परदेशी जाणे शहाणपणाचे, जरी त्यात दोन वर्षे जास्त गेली तरी. न्यायिक सेवेचा विचार असणाऱ्यांनीही लक्षात घ्यावे की 20 मे 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली आहे. तुमची पाच वर्षे झाली आहेत, पण तुमच्या ज्या मैत्रिणी नुकत्याच सनद घेऊन आल्या आहेत त्यांनी लगेच परदेशी जाण्याची घाई करू नये, आणि अखिल भारतीय बार परीक्षा तर जाण्याआधीच उत्तीर्ण करून टाकावी.

सनदेबाबत एवढेच की, शिक्षण म्हणजे नोकरी नव्हे, परंतु पदवीनंतर तिकडे पगारी पूर्णवेळ काम धरले तर बार कौन्सिलच्या नियमानुसार महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलला कळवून वकिली स्थगित करावी लागते आणि परतल्यावर ती पुन्हा सुरू करून घ्यावी लागते. जाण्याआधी त्याच कार्यालयातून सनद चालू व निष्कलंक असल्याचे प्रमाणपत्र घ्या. इंग्लंड, कॅलिफोर्निया, कॅनडा सगळीकडे ते मागतात.

शेवटचा भाग तुमच्या चालू प्रकरणांचा. वकीलपत्र तुम्ही विमानात बसल्याने संपत नाही; दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 3 नियम 4 नुसार न्यायालयाच्या परवानगीनेच ते मागे घेता येते. म्हणून प्रवेश नक्की झाला की पक्षकारांना लेखी कळवा, ज्यांना दुसरा वकील द्यायचा आहे त्यांना ना-हरकत द्या, बाकीच्यांत सहकाऱ्याचे वकीलपत्र दाखल करा, मूळ कागद पोहोच घेऊन परत करा, आणि पुराव्याच्या टप्प्यावर असलेले दावे उन्हाळी सुटीच्या आधी पुढे ढकलून ठेवण्यापेक्षा शक्य तेवढी उलटतपासणी स्वतः संपवूनच जा.